गव्हाविना चिपळूण ते सावंतवाडी: कुठे जेवावं, कुठे नुसता चहा घ्यावा

बेकरी शोधत असाल तर आधीच सांगते: चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत सिलिॲकच्या, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न चालणाऱ्या माणसाने निर्धास्त खावं अशी रस्त्यावरची एकही बेकरी मला सापडलेली नाही. खानावळी मात्र सापडल्या, आणि चांगल्या सापडल्या. त्यांच्या दारावर ‘ग्लूटेन-फ्री’ असं काही लिहिलेलं नसतं. जिथे लिहिलेलं असतं तिथे मी दोन प्रश्न जास्तच विचारते. रत्नागिरीतल्या एका नव्या कॅफेच्या फळ्यावर रंगीत खडूने ‘ग्लूटेन-फ्री पॅनकेक’ लिहिलं होतं. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, पीठ कसलं? ओट्सचं मॅडम, एकदम हेल्दी. आणि? थोडा मैदा, नाहीतर पलटताना तुटतो ना. पोरगा प्रामाणिक होता म्हणून बरं. मी काळी कॉफी घेतली. कॉफी छान होती.

माझं काम पतसंस्था आणि विकास सोसायट्यांच्या ऑडिटचं. आज खेड, परवा राजापूर, पुढच्या आठवड्यात कुडाळ असं फिरणं असतं. ज्या संस्थेचं दप्तर तपासायचं तिच्या खर्चाने जेवायचं नाही हा माझा नियम, त्यामुळे दुपारचं जेवण शोधणं माझं मलाच आलं. त्यात सिलिॲक. हिमोग्लोबिन काही केल्या वर येईना, लोहाच्या गोळ्या घेऊन घेऊन जीभ काळी झाली, तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी केली आणि नंतर दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला. ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते: तपासणीआधी गहू सोडू नका. गहू बंद करून रक्त दिलंत तर आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो.

हा काही पित्ताचा किंवा ‘मला मैदा सोसत नाही’ असा प्रकार नाही. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे) या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं, आतलं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही, पथ्य हाच उपाय, तोही जन्मभर. प्रमाण किती बारीक असतं ते बघा. रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते. एका मध्यम चपातीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं, म्हणजे चपातीचा पन्नासावा तुकडा. तेवढं तर ताटाच्या कडेला पीठ लागलेलं असतं. म्हणून ‘थोडंसं खाल्लं तर काय होतं’ म्हणणाऱ्या मावश्यांशी मी वाद घालत नाही. हसते आणि पान सरकवते. उत्तर भारतात हा आजार जास्त दिसतो, दक्षिणेत कमी. भात खाणाऱ्या आपल्या मुलखात गव्हाने कुणी आजारी पडतं हेच लोकांना पटत नाही.

आता खरी गंमत. हा किनारा म्हणजे माझ्यासारखीला जवळजवळ माहेर. तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, शिरवाळे, सांदणं, पातोळ्या, तवसाचं (काकडीचं) धोंडस, उकडीचे मोदक, कुळथाची पिठी आणि भात. यातल्या एकाही पदार्थाच्या मूळ कृतीत गहू नाही. वाटणाला दाटपणा येतो तो ओल्या खोबऱ्याने, पिठाने नाही. मुंबई-पुण्याच्या मैत्रिणी महागाच्या पुड्या मागवून जे शोधत असतात ते इथे आजीच्या चुलीवर होतं. मग अडचण कुठे येते? गहू सोबतीने येतो. हिंगातून, रव्यातून, तव्यावरून आणि गिरणीतून. गेल्या पिढीत चपाती रोजची झाली, आणि ज्या तव्यावर भाकरी भाजायची त्यावरच आता दिवसभर चपात्या भाजतात.

हिंगाचं लोकांना खरंच माहीत नसतं. आपण वापरतो तो बांधणी हिंग, म्हणजे मूळ चिकात डिंक आणि पीठ मिसळलेला. पुष्कळ डब्यांवर ते पीठ गव्हाचं असतं, काही कंपन्या तांदळाचं घालतात. डबी उलटी करून घटक वाचल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे सांबार, वरण, बटाटेवडा, उडदाचे पापड, लोणचं हे सगळे पदार्थ गव्हाचे नसूनही माझ्या यादीत शंकेखाली. मालवणी मसाल्यातसुद्धा काही घरी हिंग पडतो. मी खानावळीत गेले की थेट विचारते, फोडणीत हिंग घालता का, आणि डबी दाखवाल का? पहिल्यांदा बायका दचकतात. दुसऱ्या वेळी स्वतःच डबी घेऊन येतात.

आता मालवण. भरडावरून बाजारपेठेकडे जाताना आतल्या गल्लीत एक घरगुती खानावळ आहे. पडवीत टेबलं मांडलेली, भिंतीवर त्या दिवशीच्या मासळीची पाटी. दोघी जावा चालवतात. नाव मुद्दाम देत नाही. मी ज्या जेवणाला चांगलं म्हणते ते त्या थोरल्या जाऊबाईंच्या हातचं आहे. त्या आजारी पडल्या आणि जागेवर दुसरी स्वयंपाकीण आली तर पाटी तीच राहील, आतला हिशोब बदललेला असेल. माझ्या शब्दावर कुणी काही न विचारता जेवायला बसलं तर त्याचं पोट माझ्या डोक्यावर. गल्ली शोधा, प्रश्न तुमचे तुम्ही विचारा.

तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा वाढणाऱ्या धाकटीला विचारलं, कोंबडीवड्यांच्या पिठात गहू आहे का? ‘नाय ओ, तांदूळ, उडीद नि चण्याची डाळ.’ तेवढ्यात आतून थोरलीचा आवाज आला, ‘घालतंय मी मूठभर गहू. वडे फुगाक व्हये मां.’ तेव्हापासून माझा शिरस्ता ठरला: वाढणाऱ्याला विचारायचं नाही, रांधणाऱ्याला विचारायचं. वाढणारा खोटं बोलत नसतो, त्याला ठाऊकच नसतं. मालवणी वड्यांत गहू घालायचा की नाही हे घराघरावर आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या तयार वडेपिठाच्या पाकिटांवरही घटकांत गहू सापडतो. बिनगव्हाचे वडे होतात, जरा कमी फुगतात इतकंच. त्या बाईंनी नंतर एकदा कळवून गेल्यावर करून दिले. चपटे होते, बडीशेप जरा जास्त होती, मी सगळे खाल्ले.

माशाचं म्हणाल तर सगळी मेख रव्यात. सुरमई, पापलेट, बांगडा, सगळं रव्यात घोळवून तव्यावर. ‘गिऱ्हाईकाक रवोच व्हयो आसता,’ थोरली म्हणाली, आणि ते खरं आहे, रव्याची कुरकुर सगळ्यांना हवी असते. नुसतं ‘मला रवा नको’ म्हणून भागत नाही, कारण तुमचा तुकडा त्याच तव्यावर, त्याच तेलात, आधीच्या रव्याच्या करपलेल्या कणांतच भाजला जातो. या घरात एक लहान बिडाचा तवा वेगळा ठेवलेला आहे, घावनांचा. त्यावर ताजं तेल टाकून, मासळीला नुसता मसाला, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून त्या भाजून देतात. पाहिजे तर तांदळाच्या पिठात घोळवून. मला विचाराल तर पिठाशिवायचाच चांगला. सुरमईची कड खरपूस होते आणि मासा मासा लागतो.

पण तिथला खरा पदार्थ तळलेला नाहीच. बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं आणि तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, हे दोन्ही एकाच दिवशी मिळाले तर दुसरं काही मागू नका. तिखल्यात आंबटपणाला कोकम, वर कच्चं खोबरेल, आणि हिंगाचा संबंधच नाही. सोबत उकड्या तांदळाचा भात. भाताबद्दल कुणाला काही विचारावं लागत नाही, आणि बाहेर जेवताना ही चैन किती मोठी ते पथ्यवाल्यालाच कळेल. ताट मागताना एकच सांगायचं: चपाती ताटात ठेवूच नका. नंतर उचलून घेतलेली चपाती चालत नाही, कारण ती बहुतेक वेळा भाताच्या मुदीवर टेकवलेली असते.

दोष सांगायलाच हवेत. भाकरी जाड असते आणि दोन वाजेनंतर गेलात तर गारढोण. सोलकढीत लसूण इतकी की दुपारच्या मीटिंगला तोंडावर रुमाल धरून बसावं लागतं. गर्दीच्या दिवसांत, म्हणजे नाताळ ते नववर्ष आणि मे महिना, मी तिथे जातच नाही. पर्यटकांच्या रेट्यात दुसरा तवा कोण सांभाळणार? थोरलीनेच सांगितलं, ‘तेवा येव नको गो, माका लक्ष देऊक जमाचा नाय.’ एका खानावळवालीने गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणणं, याहून मोठं प्रमाणपत्र मला तरी ठाऊक नाही. बांगड्याचं ताट अडीचशेच्या आतबाहेर, सुरमईचं चारशेच्या. मासळी किती आली त्यावर.

रत्नागिरीत असं घर मला सापडलं नाही, पण तिथे दुसरी वाट आहे: उपवास. हसू नका. शाकाहारी हॉटेलांत एकादशी, चतुर्थी आणि सोमवारी जे उपवासाचं मिळतं त्यात गहू नसतो, हिंग नसतो, आणि महत्त्वाचं म्हणजे मालकाला धाक असतो. उपवासाच्या साबुदाणेवड्यात चपातीचा कण निघाला तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढणार नाही, शिवाय चार ठिकाणी सांगेल. माझ्या आतड्याची काळजी त्यांना नाही, पण देवाची आहे, आणि त्यात माझं काम होतं. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. वडा घेण्याआधी कढई कुठली ते बघा, कारण काही ठिकाणी समोसे त्याच तेलात सोडतात. समोसा म्हणजे मैदा. राम आळीच्या आसपास नाश्त्याची दुकानं बरीच आहेत. त्यांतल्या एकाची खिचडी मोकळी, लिंबू बरोब्बर, वर ओलं खोबरं. दाण्याचं कूट मात्र जाडंभरडं, दातात अडकतं.

रत्नागिरी स्टँडच्या परिसरात मी फक्त पोहे खाते. पोहे म्हणजे तांदूळच. फोडणीत हिंग नाही ना आणि वरून फरसाण भुरभुरणार नाही ना, एवढं विचारलं की झालं. शेव बेसनाची असते, पण फरसाणात शंकरपाळ्यांचे आणि मैद्याच्या पापड्यांचे तुकडे असतात. मिसळीचा प्रश्न म्हणूनच पाव बाजूला काढून सुटत नाही. इडली चालते, सांबार नाही. डोशाच्या पिठात कुरकुरीत व्हावं म्हणून रवा घालणारे भेटले आहेत, म्हणून डोसा विचारून. चायनीजच्या गाड्यांकडे बघूसुद्धा नका, सोया सॉसमध्ये गहू असतो.

महामार्गावरचे ढाबे? तंदूरचं पीठ हवेत उडत असतं. चहा घ्या, पाय मोकळे करा, पुढे चला. कोकण रेल्वेत विकायला येणारं कटलेट ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेलं असतं. मी डब्यात नाचणीचे लाडू आणि भाजलेले काजू ठेवते.

वेंगुर्ल्याकडे आणि सावंतवाडीच्या मोती तलावाजवळ कधी जत्रेला, कधी प्रदर्शनाला बचत गटांचे स्टॉल लागतात. तिथलं घावन माझ्या मते या पट्ट्यातला सगळ्यात बिनधोक नाश्ता. भिजवलेला तांदूळ वाटलेला, मीठ आणि पाणी, बास. वाटलेला असला की गिरणीचाही प्रश्न मिटतो. तवा बिडाचा, तेल पुसायला नारळाची शेंडी किंवा अर्धा कांदा. दोनच गोष्टी बघायच्या: शेजारच्या स्टॉलवर त्याच शेंडीने थालीपिठाचा तवा तर पुसत नाहीत ना, आणि पिठात ‘तुटू नये म्हणून’ काही घातलंय का. एका स्टॉलवरच्या काकींनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, घावन तुटतं ते तवा तापला नाही म्हणून, मैदा कशाला घालायचा? त्यांचं घावन रुमालासारखं पातळ होतं. सोबत गूळ घातलेला नारळाचा रस. चटणी हवी तर हिरवी घ्या, फोडणीची नको.

शिरवाळे हॉटेलात शोधू नका, वाया जाल. तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच लाकडी शेवग्यातून, म्हणजे शेवेच्या साच्यातून, दाबायचे, त्याला दोन माणसं आणि दंडात ताकद लागते. सांगून ठेवलं तर सावंतवाडी-कुडाळकडे घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बायका करून देतात. धोंडसाचंही तसंच, पावसाळ्यात तवशी येतात तेव्हाच. इडलीच्या रव्यासारखा तांदळाचा रवा, किसलेलं तवसं, गूळ, काजू. इथे मात्र ‘रवा तांदळाचाच ना?’ एवढं ठणकावून विचारा. घाईत गव्हाचा वापरणाऱ्या आहेत, आणि शिजल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही.

मोदकांचं सांगते. उकडीचे चालतात, तळणीचे नाहीत, कारण त्यांची पारी गव्हाची किंवा रव्या-मैद्याची असते. गणपतीपुळ्याला उकडीचे मोदक देणारी घरं आणि हॉटेलं बरीच आहेत. चव बहुतेकांची चांगलीच असते. विचारायचं ते पिठाचं: कुठून आणलं?

कारण शेवटी गाडी गिरणीवर येऊन थांबते. तांदूळ कितीही शुद्ध असो, गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यातून दळला तर पहिला शेर-दोन शेर पिठात गहू असणारच. वर गिरणीत उडणारं पीठ. काही गिरण्यांत तांदळाची चक्की वेगळी असते, काही ठिकाणी सगळं एकाच. आमच्या गावच्या गिरणवाल्या दादांना मी सगळं समजावून सांगितलं. तेव्हापासून सोमवारी सकाळी चक्की पुसून पहिला तांदूळ माझा दळतात, त्यातलंही सुरुवातीचं पीठ शेजारणीच्या म्हशीला जातं. तरीही ही व्यवस्था मला पुरेशी वाटेना, म्हणून घरघंटी घेतली. आवाज भयंकर आहे. खानावळीची तपासणी करताना माझं सगळ्यात आवडतं उत्तर ‘आम्ही तांदूळ घरीच दळतो’ हे असतं. ते फार कमी ठिकाणी मिळतं. नाही मिळालं तर भाकरी सोडून भातावर येते. आणि कुळथाची पिठी कुठे मिळाली तर तिचीही हीच चौकशी. पिठी हॉटेलांच्या यादीत नसतेच म्हणा, तिला गरिबाघरचं समजतात. जिच्याकडे पाटीवर पिठी-भात दिसेल तिला माझे आधीच दोन गुण जास्त.

बेकऱ्यांकडे वळते, कारण पुष्कळ जण मला तेच विचारतात. आपल्याकडची जुनी बेकरी म्हणजे पाव, बटर, खारी, टोस्ट, नानकटाई. वास असा येतो की पाय आपोआप वळतात. पण तिथे मैद्याची पोती उघडीच असतात. बारीक पीठ हवेत तरंगतं आणि ट्रेवर, ओट्यावर, कपड्यांवर बसतं. अशा खोलीत कुणी शुद्ध तांदळाची बिस्किटं करून दाखवली तरी ती मी खाणार नाही. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून कोकणातल्या काउंटरांवर नाचणीच्या बिस्किटांचा पूर आलाय. पाकीट तपकिरी कागदाचं, त्यावर नाचणीच्या कणसाचं चित्र, ‘आरोग्यदायी’, ‘शुगर-फ्री’. मागे वळवा. बहुतेकांत नाचणीच्या बरोबरीने किंवा नाचणीच्याही आधी मैदा किंवा गव्हाचं पीठ लिहिलेलं सापडतं. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा नियम आहे, त्यामुळे पहिलं नाव कुणाचं ते बघितलं की पाकिटाचं बिंग फुटतं. मला हा प्रकार ताळेबंदासारखा वाटतो: दर्शनी पान सगळ्यांचं सुंदर, खरं ते परिशिष्टात.

‘ग्लूटेन-फ्री’ हे शब्द पाकिटावर छापायचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे ग्लूटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. म्हणजे ज्याने ते छापलंय त्याने चाचणी करून घेतलेली असायला हवी. कॅफेच्या फळ्यावर खडूने लिहिणाऱ्याला असलं काही आडवं येत नाही. बरं, ‘गव्हाचं नाही’ म्हणजेही सुटलं असं नाही. माल्ट म्हणजे बहुधा जवाचं, ते दुधात घालायच्या पावडरींत असतं, काही कॉर्नफ्लेक्समध्येही. ओट्समध्ये मुळात गहू नसतो, पण शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हाच्याच संगतीत येतात. पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ओट्स नकोत. बिअर जवाची, म्हणून ती नाही. काजूची फेणी चालते, असं आमच्या एका सहकाऱ्याने मला अतिशय उत्साहाने शोधून सांगितलं होतं.

गोडाच्या दुकानांत मालवणी खाजं मला फार आवडतं. बेसनाच्या काड्या, गूळ, आलं. करणारा बेसनात मैदा घालतो का हे विचारावं लागतं आणि तळणीचं तेलही. मला एक असा सापडलाय जो फक्त खाजं आणि खडखडे लाडूच करतो, बाकी काही नाही. दुकान जितक्या कमी वस्तूंचं तितकं माझ्या सोयीचं. आंबापोळी, फणसपोळी, काजूकतली यांत पिठाचा प्रश्न येत नाही, तरी फणसपोळी कुठे वाळवली, शेजारी कुरडया तर नव्हत्या ना, असं मी विचारते तेव्हा बहीण कपाळाला हात लावते. कुरडई गव्हाची, आणि उन्हाळ्यात अंगणात सगळी वाळवणं एकमेकांना चिकटून असतात. मी तरी काय करू?

अवघड प्रसंग खरा वेगळाच. संस्थेच्या वार्षिक सभेआधी सत्यनारायण असतो, आणि प्रसाद म्हणजे शिरा, रव्याचा, तुपाने थबथबलेला. प्रसाद नाकारला की चेअरमन, सचिव, भटजी, सगळ्यांचे चेहरे एकदम उतरतात. ऑडिटरने प्रसाद नाकारला म्हणजे हिने काहीतरी शोधून काढलंय असाही अर्थ निघतो! आता मी आदल्या दिवशीच सचिवांना फोन करते की मला नैवेद्याचं केळं ठेवा. भटजींची त्याला कधी हरकत नसते. काही सोसायट्यांत आता माझ्यासाठी पंचखाद्याची पुडी निघते, ती मी आनंदाने खाते.

आता जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती कुडाळची ताई. दुकान नाही, घरातच करते. तिच्या मुलाला सिलिॲक आहे, त्यामुळे घरात गव्हाचा कण येत नाही. ओव्हन एकच, पण तो कधी मैदा न पाहिलेला. पीठ घरघंटीवर. तांदूळ, नाचणी, आणि काजूचा तुकडा जो बाजारात स्वस्त पडतो त्याचा कूट. बांधणीला इसबगोलाचा भुसा. ही युक्ती तिने बऱ्याच नासाडीनंतर बसवली आहे. इसबगोल पाण्यात भिजून चिकट होतो आणि ग्लूटेनने जे काम करायचं ते काही अंशी करतो.

तिचा पाव, खरं सांगायचं तर, पहिल्या दिवशीच खावा. गरम असताना वरची साल कुरकुरीत, आत थोडा ओलसर, उसळीत बुडवला की कितीतरी वर्षांनी काहीतरी जागेवर आल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी तो भुगा होतो. तव्यावर तुपात भाजलात तर खपून जातो, तिसऱ्या दिवशी खपत नाही. नाचणी-काजूची नानकटाई मात्र आठवडाभर टिकते आणि तिच्यासाठी मी वाट वाकडी करून कुडाळला उतरते. विलायची बेताची, तूप सढळ, तोंडात टाकली की विरघळते. चॉकलेट केक चांगला, आंब्याचा केक साधारण. आंब्याचा रस घातला की तिचं पीठ दडपतं, हे मी तिला सांगितलंय, ती म्हणते मे महिन्यात हापूसचा करून बघू. किंमत झोंबते: अर्ध्या किलोच्या केकला 700 रुपये, सहा पावांना 180. बेकरीत तेवढ्यात घरभर पाव येतील. पण काजूचा भाव, वेगळं दळण आणि एका ओव्हनची एवढीशी क्षमता बघितली तर ती काही लूट करत नाही, जमाखर्च मी मनातल्या मनात मांडून पाहिलाय. अन्न परवान्याची नोंदणी आहे, क्रमांक डब्यावर छापलेला असतो. प्रयोगशाळेची चाचणी केलेली नाही, म्हणून ‘ग्लूटेन-फ्री’ असं ती छापत नाही. ‘या घरात गहू नाही’ एवढंच लिहिते. मला ते जास्त पटतं.

ऑर्डर दोन दिवस आधी द्यावी लागते, आणि डबा कुडाळ स्टेशनवर किंवा एसटी स्टँडवर आणून देते. पार्सल म्हणून बसच्या कंडक्टरकडे दिलेला केक पोचतो पण चपटा होऊन, तेव्हा स्वतः न्यायला जा. चवथीच्या आधी आणि नंतर मिळून पंधरवडाभर ती काही करत नाही. पाहुणे येतात, करंज्या-लाडवांच्या पिशव्या घरात शिरतात, त्यांना दारातून परत पाठवणं तिलाही जमत नाही. विसर्जन झालं की ओटा, ओव्हन, घरघंटी सगळं धुऊन पुसून पुन्हा सुरू करते. तोवर पोह्यांवर भागवायचं.